खाच कुठल्या बाजूला

सोमवार, ७ ऑगस्ट

उद्या गेटवर बोलायचं ते:

भट्टीसमोर उभं राहणाऱ्या, तांब्याच्या टाकीत बोटं हिरवी करून घेणाऱ्या, खोके भरणाऱ्या माझ्या माणसांनो, आपण नखावर मावतील एवढाले इंडक्टर बनवतो आणि या कारखान्यात आपल्याला नखाएवढीही किंमत नाही. भट्टी नव्या खोलीत हलवली, तर साहेबांना वाटलं की भट्टीबरोबर आपली अक्कलही कुठेतरी हलली. म्हणून त्यांनी बाहेरून शिकवणारा माणूस बोलावलाय. सुट्टीच्या दिवशी या, बिनपगारी बसा आणि तुमचीच भट्टी आमच्याकडून शिका. जी भट्टी आपण डोळे मिटून भरतो ती. माझी विनंती एवढीच, की त्या वर्गात कोणीही पाऊल ठेवायचं नाही.

शिंप्याला वाचून दाखवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी माझं एकही भाषण माझ्या नवऱ्याच्या टेपखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"कमरेत सैल आहे," तो म्हणाला. "मधलं थोडं काप."

"मधलंच महत्त्वाचं आहे."

"प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. पोट आत घेऊन."

बोलताना त्याने उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. कंपवाताच्या सकाळच्या गोळ्यांचा असर उतरला की हात लाकडासारखा होतो. तो ते लपवतो आणि मी न बघितल्यासारखं करते. आमच्या संसारात हा एवढाच काय तो खोटेपणा.

मंगळवार, २२ ऑगस्ट

जिंकलो. शिकवणारा माणूस दोन दिवस कँटीनमध्ये चहा पीत बसला आणि निघून गेला. जाताना थंड्याला म्हणे, "निदान मला पाच मिनिटं भट्टी दाखवू तरी द्या." थंड्या म्हणाला, "त्यात दाखवायचं काय? गोल आहे, गरम आहे." सबंध पाळी हसत होती. हा माणूस भट्टीवर काम करतो, पण त्याला घाई करताना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून तो थंड्या. चिडला तरी आधी चष्मा पुसतो, मग चिडतो.

भट्टी खरंच पिंपासारखी गोल आहे, झाकण वरून. कुठूनही बघा, सारखीच. आत ट्रे सोडायचा, ट्रेवर चकत्या, आणि भिंतींच्या आड मोठाले चुंबक. एकेका चकतीवर हजारो इंडक्टर असतात. तांब्याची नागमोडी रेघ आणि तिच्या वर-खाली चुंबकी धातूचा थर, केसापेक्षा कितीतरी पातळ. भट्टीत तापताना त्या थराला चुंबक एक वळण लावतो, कंगवा फिरवल्यासारखं. ते वळण योग्य बसावं म्हणून प्रत्येक चकतीच्या काठाला बारीक खाच असते. आमचा नियम एका ओळीचा: खाच दाराकडे. थंड्याला तो मी शिकवला, मी भट्टीवर होते तेव्हा. मला माझ्या आधीच्या बाईने शिकवला. हे ज्ञान कोणत्या वर्गात मिळतं? पिढ्यांचे हात ते सांभाळतात.

पाहुण्यांना दाखवायचं म्हणून साहेबांनी भट्टीला बाहेरून चकचकीत राखाडी रंग मारून घेतलाय. जुने डाग, कोणी काढलेले बाण, खडूचे आकडे, सगळं गेलं. रंगाला पैसे आहेत, आम्हाला जादा वेळेचा पगार द्यायला नाहीत. पुढच्या भाषणात हे घ्यायचं.

शुक्रवार, १ सप्टेंबर

आज गंमत झाली. नव्या खोलीतला पहिला माल मोजून झाला आणि आकडे जुन्या मालापेक्षा वर गेले. मोजणीच्या बाई आकड्यांकडे असं बघत होत्या, जणू कोणी फसवलंय. तिशीच्या आहेत, शिकलेल्या, अंगावर कायम स्वेटर, कारण मोजणीची खोली थंड ठेवावी लागते.

"एवढं चांगलं कसं आलं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "चांगलं आलं की तुम्हाला कारण लागतं. वाईट आलं असतं तर आमचं नाव तयारच होतं."

"तसं नाही. हे हळू मोजणीवर चांगलं दिसतंय. जलद मोजायचं मशीन साहेबांनी दुसऱ्या कारखान्यात पाठवलंय. हे इंडक्टर ज्या वेगाने वापरतात, त्या वेगाला कसे वागतात ते मला इथे दिसत नाही."

हे खरं आहे. आमची सगळी कमाई त्या वेगावर. बॅटरीतून वीज घेऊन यंत्राला हवी तशी करून द्यायची, तर ती सेकंदाला कोट्यवधी वेळा उघड-मीट करावी लागते, आणि दर वेळी ती क्षणभर इंडक्टरमध्ये साठते. जितकी घाई, तितका इंडक्टर लहान आणि यंत्रही लहान. पण साहेबांनी मशीन पाठवलं हा त्यांचा कंजूषपणा. त्याचं ओझं आम्ही का वाहायचं?

जेवणाच्या सुट्टीत बाकावर चढून बोलले. "शिकवणाऱ्याशिवाय आकडे वर गेले, हे लक्षात ठेवा." टाळ्या थांबेनात. थंड्याने चष्मा पुसला.

मंगळवार, ५ डिसेंबर

पंप आला. संघटनेच्या करारात कलम घालून घेताना साहेब मला म्हणाले होते, "हे काय, कारखाना आहे की दवाखाना?" मी ऐकलं नाही. ज्या औषधाच्या पंपात आपला इंडक्टर बसतो, तो कामगारांच्या घरच्या आजाऱ्याला आधी आणि निम्म्या किमतीत. आज पहिला माझ्याच घरी आला. लोकांनी आग्रह केला म्हणून घेतला, नाहीतर मी शेवटी घेतला असता.

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. कमरेला बांधायचा, त्यातून एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली जाते आणि दिवसभर औषध थेंबथेंब झिरपत राहतं. गोळ्यांसारखी भरती-ओहोटी नाही.

शिंप्याने दुपारी त्याच्यासाठी खिसा शिवला. सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात. मग सुई माझ्यापुढे धरली. मी भांडी घासायला आत गेले. मोठमोठ्या सभांपुढे माझा आवाज कधी फाटला नाही, तो आज फाटला असता.

बुधवार, २० डिसेंबर

शिंप्याने एक अख्खा कोट पुरा केला. गिऱ्हाईक परत येतायत. पंपाची बॅटरी मात्र दिवसभर पुरत नाही, दुपारी पुन्हा लावावी लागते. आणि तो गरम होतो.

"किती गरम?" मी विचारलं.

"थंडीत कमरेला शेगडी. तुझ्या कराराचं अजून एक कलम."

बदलून मागायला हवा. संघटनेची निवडणूक तोंडावर आहे, या आठवड्यात राहिलंच.

सोमवार, ८ जानेवारी

थंड्याला घरी बसवलंय. पंप बनवणाऱ्यांकडून तक्रारी आल्या, इंडक्टर तापतात, तापले की पंप स्वतःहून बंद पडतो. एक बाई घरात पडलेली सापडली, तोवर संध्याकाळ झाली होती म्हणे. साहेबांनी चौकशी लावली पुढच्या सोमवारची, आणि चौकशीआधीच गुन्हेगार ठरवला. भट्टीवर हलगर्जीपणा. एकट्या थंड्याचं नाव, तिथे तीन पाळ्यांत नऊ माणसं काम करतात तरी.

मी केबिनमध्ये जाऊन बोलले. जलद मोजणीचं मशीन कोणी पाठवलं? रविवारी गेटवर हाच प्रश्न विचारणार आहे.

शिंप्याचा पंप जुन्या मालाचा असणार. पेटीवर तारीख असते, बघायला हवी.

गुरुवार, ११ जानेवारी

मोजणीच्या बाईंनी मला आणि थंड्याला पाळी सुटल्यावर भट्टीच्या खोलीत बोलावलं. थंड्याला आत यायची बंदी आहे, म्हणून मागच्या जिन्याने आणला. मला वाटलं, कबुली काढायचा डाव असणार. तयारीने गेले.

बाई म्हणाल्या, "मला फक्त एक चकती ठेवून दाखवा. रोज ठेवता तशी."

थंड्याने ठेवली.

"अशीच का?"

"खाच दाराकडे. पहिल्यापासून."

बाई वळल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. जुन्या खोलीत दार समोर होतं. या खोलीत ते उजव्या भिंतीला आहे.

 भट्टीचा पंखा तेवढा चालू होता. थंड्याने चष्मा काढला, पण पुसला नाही.

बाईंनी समजावलं, आवाज न चढवता. भट्टीतले चुंबक होते तसेच राहिले, दाराबरोबर खाच तेवढी फिरली, म्हणून थराचं वळण आडवं बसलं. हळू मोजणीत असा थर जास्त चांगला दिसतो, म्हणून आकडे वर गेले. पण खऱ्या वेगाला त्याला विजेच्या तालावर फिरता येत नाही, तो मागे पडतो आणि मागे पडता पडता तापतो. मी शिंप्याची बायको, मला ते कापडासारखं समजलं. आडव्या धाग्यावर बेतलेला कोट टेबलावर ठीक दिसतो. अंगावर चढला की दगा देतो.

"रंगाखाली खाचेची बाजू दाखवणारा एक बाण होता," बाई म्हणाल्या. "बसवणाऱ्यांनी काढलेला. शिकवायला आलेला माणूस तोच दाखवणार होता."

मी म्हटलं, "रंग आम्ही नाही मारला."

"नाही मारलात. साहेबांनी मारला. मशीनही त्यांनीच पाठवलं. पण मशीन परत यायला महिना लागेल, आणि त्याशिवाय ते माझं ऐकणार नाहीत. तुम्ही सांगितलंत की ऑगस्टपासून खाच दाराकडे होती, तर बाजारातला सगळा माल उद्याच परत मागवावा लागेल. तेवढंच पाहिजे मला."

थंड्या माझ्याकडे बघत होता. माझ्या शब्दाची वाट बघत होता, हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "सोमवारची चौकशी होऊ दे."

शुक्रवार, १२ जानेवारी

थंड्या घरी आला होता. शिंप्याने त्याला चहा दिला आणि स्वतः मशीनवर बसला, म्हणून आम्ही हळू बोललो.

"बोलून टाकतो मी. माझ्या छातीवर बसलंय ते."

"बोललास की उद्या तू रस्त्यावर, परवा बाकीचे आठ. साहेब एका वाक्यात सुटतात. रंग, मशीन, बिनपगारी वर्ग, सगळं विसरलं जाईल. उरेल काय? कामगारांना खाच ठेवता येत नाही."

"पण ताई, ती बाई पडली होती."

"चौकशीत आधी त्यांची चूक नोंदू दे. मग आपली. क्रम महत्त्वाचा असतो, थंड्या. सगळ्या लढ्यांचा इतिहास वाच."

"मी नाही वाचत. तुम्ही वाचता म्हणून तर तुमचं ऐकतो."

तो गेल्यावर शिंपी म्हणाला, "त्याचे खांदे पडलेत. काय केलंस त्याला?"

"काही नाही. धीर दिला."

माझं म्हणणं चुकीचं नाही. थोडे दिवस, मग सगळं उघड करू आपल्या अटींवर. रात्री शिंप्याचा पंप हाताला चांगलाच गरम लागला. त्याला म्हटलं, काढून ठेव, दोन दिवस गोळ्या घे. तो म्हणाला, "रविवारी लग्नाचे दोन कोट द्यायचेत, मग काढतो. कशाला पण?" कशाला ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पेटीही माळ्यावर आहे.

रविवार, १४ जानेवारी

सभा आजवरची सगळ्यात मोठी. रस्त्याच्या पलीकडेपर्यंत माणसं. मी रंगावर बोलले, मशीनवर बोलले, थंड्यावर बोलले. एकही शब्द खोटा नव्हता. लोक थंड्याला खांद्यावर घ्यायला निघाले, तर तो मागच्या मागे निघून गेला.

शेजारणीचा निरोप घेऊन कोणीतरी गर्दीतून येत होतं, पण त्याला वाट मिळेना. सगळ्यांना वाटलं, तो पुढे येऊन हार घालणार.

घरी शिंपी कापायच्या टेबलाशी पडला होता. कधीपासून, कोणाला माहीत नाही. पंप बंद, हात-पाय ताठ, हाक मारता येत नव्हती. शेजारीण इस्त्रीचे कपडे न्यायला आली म्हणून दिसला. घशात लाळ उतरत होती आणि गिळता येत नव्हती.

मंगळवार, १६ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी आणि जंतू दोन्ही. थांबा, बघू. त्यांना सगळं विचारलं. ते उत्तरं देतात आणि माझ्या खांद्यावरून मागे बघतात.

दुपारी त्याने डोळे उघडले. ओठांशी कान नेला.

"भाषण झालं?"

"झालं."

बराच वेळ लागला त्याला पुढचा शब्द सापडायला. "चांगलं बसलं?"

मी म्हटलं, हो.

पेटी काढली माळ्यावरून. तारीख नोव्हेंबरची.

थंड्या दवाखान्याच्या बाकावर बसला होता. काल चौकशीत तो गप्प बसला. म्हणाला, "तुमचं ऐकलं मी." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिथूनच आम्ही दोघं मोजणीच्या बाईंकडे गेलो, त्यांनी साहेबांकडे नेलं. मी सगळं सांगितलं, खाच, दार, वर्गावर टाकलेला बहिष्कार, आणि हे सगळं मला गुरुवारपासून माहीत होतं तेही. साहेबांनी ऐकून घेतलं. खुर्चीत बसायला सांगितलं. मला आजवर त्या खुर्चीत कधी बसवलं नव्हतं.

"तुमचे यजमान आजारी आहेत, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण भट्टी नऊ माणसं भरतात. दोघांच्या बोलण्यावर मी बाजारातला माल परत मागवायचा? उरलेले आठ म्हणतात, आम्ही बरोबरच ठेवत होतो."

"असं कोण म्हणालं?"

"सगळे. कालच्या चौकशीत. तुमचीच माणसं आहेत, पक्की शिकवलेली." मग म्हणाले, "थंड्याला उद्या कामावर घेतो. हेच हवं होतं ना तुम्हाला? हा विषय इथे संपवू."

बाई काहीतरी बोलायला गेल्या, त्यांनी हाताने थांबवलं. थंड्या उठला. म्हणाला, "मला नको," आणि चष्मा न पुसता बाहेर गेला.

बुधवार, १७ जानेवारी

आज पाळी बदलताना गेटवर बोलायचं ते. टेपखालून गेलेलं नाही. त्याला नळी लावलीय आणि तो झोपलाय.

भट्टीवाल्यांनो, तांबंवाल्यांनो, खोके भरणाऱ्यांनो,

रविवारी मी इथे उभी राहून तुम्हाला सांगितलं, की रंग साहेबांनी मारला आणि मशीन साहेबांनी पाठवलं. ते खरं आहे. आजही म्हणते आणि त्याचा हिशेब आपण मागणारच आहोत. पण जे मी सांगितलं नाही, ते आज सांगते. खाच आपण चुकीच्या बाजूला ठेवत होतो. दार फिरलं आणि आपल्यातल्या कोणी मान वळवून बघितलं नाही. जो बघायला लावणार होता, त्याला मी कँटीनमध्ये चहा पाजून परत पाठवला आणि तुमच्या टाळ्या घेतल्या. थंड्या बोलायला निघाला होता, त्याचं तोंड मी धरलं. मला गुरुवारी कळलं. रविवारी माझा नवरा जमिनीवर पडला होता तेव्हा मी या पायरीवर उभी राहून सुंदर बोलत होते.

तुम्ही म्हणाल, आता ताईंच्या घरात आग लागली म्हणून ताईंना जाग आली. म्हणा. बरोबर आहे तुमचं. त्या पहिल्या बाईच्या घरात लागली होती तेव्हा मी क्रम लावत बसले होते.

आणि तुम्हाला भीती वाटते की बोललो तर नोकरी जाईल. जाऊ शकते. मी खोटा धीर देणार नाही, तो माझा पोटभर देऊन झालाय. तुमच्यासाठी मी भांडेन, पण जिंकेन असं वचन देत नाही.

एवढंच बघा, की हा माल आत्ता कोणाच्या तरी कमरेला आहे. कोणी त्याच्या भरवशावर जिना उतरतंय, कोणी मूल कडेवर घेतंय, कोणी कात्री चालवतंय. तो गरम लागतोय आणि थंडीत त्यांना बरं वाटतंय. त्यांना सांगणारं कोणी नाही. साहेब सांगणार नाहीत, कारण आपल्यातली आठ माणसं म्हणाली, आम्ही बरोबरच ठेवत होतो. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून उचललं. मी ते परत मागायला आलेय.

म्हणून भट्टी भरणाऱ्या आठांनो, मला तुमच्याकडून घोषणा नको, मोर्चा नको, वर्गणी नको. मोजणीच्या बाई वर, पहिल्या मजल्यावर बसल्या आहेत. पाळीवर जायच्या आधी वर जा आणि ऑगस्टपासून खाच कोणत्या बाजूला ठेवत होतात ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. आत्ता जा, मी इथेच उभी आहे.